अस्वलाच्या मुलखात : बंदूक की फवारा?

चित्रपटातले एक दृश्य तुम्ही पाहिले असेल. जनावर अंगावर चाल करून येते, नायक बंदूक झाडतो आणि जनावर मागच्या मागे फेकले जाते. पडद्यावर हे शोभून दिसते, पण कागद-पेन्सिल घेतली की त्यातला फोलपणा कळतो. अस्वलाच्या मुलखात माणसाला बंदुकीपेक्षा माहिती आणि सावधपणा अधिक तारतात, असे माझे मत आहे. ते का, हे पाहू.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीस बंदी आहे. अमेरिकेतील मोंटाना व वायोमिंग या राज्यांत मात्र शरद ऋतूत परवाना घेऊन एल्क हरणांची शिकार केली जाते. त्याच डोंगरांत, यलोस्टोन उद्यानाच्या आसपास, ग्रिझली अस्वले राहतात. सामान्य प्रवाशाला तिथे सांगतात, 'बोलत चला, टाळ्या वाजवा, म्हणजे अस्वल आधीच दूर जाईल.' शिकारी नेमके उलट वागतो. तो पहाटे किंवा सांजवेळी, एकट्याने, चाहूल न देता आणि वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने चालतो. हरणाला त्याचा पत्ता लागत नाही, तसा अस्वलालाही लागत नाही. शिवाय हिवाळी झोपेपूर्वी चरबी साठवायची म्हणून या दिवसांत अस्वल सारखे खात असते आणि मारलेल्या हरणाचा वास त्याला लांबूनच येतो.

आता गणित करू. ग्रिझली ताशी सुमारे ५५ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १५ मीटर वेगाने धावू शकते. उसेन बोल्टने २००९ साली १०० मीटर अंतर ९.५८ सेकंदांत कापले, तेव्हा त्याचा सरासरी वेग सेकंदाला साडेदहा मीटरही नव्हता. म्हणून पळण्यात अर्थ नाही. झुडपातून ३० मीटरवर निघालेले अस्वल दोन सेकंदांत तुमच्यापाशी पोहोचते.

त्याचे वस्तुमान २०० किलोग्रॅम धरा. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. तो झाला ३००० किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. बंदुकीची १२ ग्रॅमची गोळी सेकंदाला ८०० मीटर वेगाने जात असली, तरी तिचा संवेग ९.६ च भरतो! ती अस्वलाच्या अंगात रुतली, तरी त्याचा वेग सेकंदाला फक्त ५ सेंटिमीटरने कमी होईल. गोळी अस्वलाला ढकलून थांबवीत नाही. मेंदू किंवा पाठीचा कणा निकामी झाला, तरच ते तत्काळ कोसळते. दोन सेकंदांत, थरथरत्या हातांनी, हलणाऱ्या एवढ्याशा लक्ष्यावर नेम धरणे किती जणांना साधेल?

यावर तिथे एक साधन वापरतात. मिरचीतला तिखट पदार्थ, कॅप्सायसिन, दाबाखाली भरलेली ही डबी असते. कळ दाबली की सात ते दहा मीटरपर्यंत तिखट ढग पसरतो. गोळीला ठिपक्याएवढे लक्ष्य लागते; ढग मात्र अस्वलाची वाटच अडवतो. डोळे, नाक व फुप्फुसे यांची आग होऊन ते माघार घेते, पण मरत नाही.

अलास्कातील अशा प्रसंगांचा अभ्यास टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केला. तपकिरी अस्वलांवर फवारा ९२ टक्के वेळा लागू पडला होता. २०१२ साली त्यांनी बंदुकींचाही अभ्यास मांडला. लांब नळीच्या बंदुकांचे यश ७६ टक्के, तर पिस्तुलांचे ८४ टक्के होते. पण हे आकडे शेजारी ठेवून लगेच निकाल देऊ नका. फवाऱ्याच्या अभ्यासातली सारीच अस्वले हल्लेखोर नव्हती. काही नुसती कुतूहलाने आली होती. मला दुसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा वाटतो : बंदूक जवळ असलेल्यांपैकी ती झाडणारे आणि न झाडणारे यांच्या जखमी होण्यात लक्षणीय फरक आढळला नाही.

फवाराही जादूची कांडी नव्हे. वारा समोरून असेल तर ढग आपल्यावरच उलटतो. कडाक्याच्या थंडीत डबीतला दाब घटून पल्ला कमी होतो, म्हणून डबी कोटाखाली उबेत, पण हाताशी ठेवावी. पिशवीच्या तळाशी ठेवलेली डबी दोन सेकंदांत निघत नाही.

त्याहून मोलाचे म्हणजे गाठच पडू न देणे. जोडीने जावे. शिकार झाली की मांस लवकर हलवावे, आतडी पडलेल्या जागेपासून दूर न्यावे आणि तळापासून लांब, झाडाला उंच टांगावे. परत येताना तिथे कावळ्यांचा गलका दिसला तर थांबून नीट पाहावे. अस्वलाने आधीच ताबा घेतला असेल, तर मांसावर पाणी सोडावे.

यात अस्वलाचाही जीव पणाला लागलेला असतो, हे विसरू नका. १९७५ साली अमेरिकेच्या मुख्य भूमीवरील ग्रिझलींना कायद्याने संरक्षण दिले गेले. तरीही यलोस्टोनच्या परिसरात शिकाऱ्यांनी स्वसंरक्षणासाठी झाडलेल्या गोळ्यांनी अस्वले मरतात.

आपल्या विदर्भातही चैत्रात पहाटे मोहफुले वेचायला माणसे रानात जातात आणि त्याच फुलांसाठी अस्वलही येते. तिथे ना बंदूक असते ना फवारा. पण चार जणांनी मिळून, बोलत-गात, उजाडल्यावर जाणे हा उपाय बिनखर्चाचा आहे. अस्वलाला आधी कळू द्या की तुम्ही येत आहात. बहुधा ते स्वतःच वाट सोडेल.