नवस न बोलणारी श्रद्धा

देवावर श्रद्धा ठेवणे एरवी फारसे कठीण नसते. घरचे माणूस खाटेला खिळले आणि डॉक्टर डोळ्याला डोळा भिडवीनासे झाले, की ते कठीण होते. आपल्या धामणगावाहून रोगी घेऊन निघालेली गाडी अमरावतीला जाते, नाहीतर सेवाग्राम-सावंगीला. तिच्यात बसलेला प्रत्येक जण मनातल्या मनात देवाशी काहीतरी ठरवीत असतो. हा उठून बसला तर बोकड देईन, पायी वारी करीन, अमुक सोडीन. अशा घडीला कोणाला नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. आमच्या घरीही आजीच्या आजारपणात नवस बोलले गेले आहेत. पण याच जिल्ह्यात जन्मलेल्या एका माणसाने हा सौदा जन्मभर नाकारला, आणि पोटचे पोर गेले तरी त्याचा नकार बदलला नाही. मी गाडगेबाबांविषयी बोलतो आहे.

1876 साली शेंडगावला जन्मलेल्या डेबूचे वडील दारूपायी गेले. आई सखूबाई लेकराला घेऊन मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला माहेरी आली. पुढे डेबूजीला पहिली मुलगी झाली. बारशाला दारू आणि मटण हा भावकीचा रिवाज होता. डेबूजीने पंगतीला गोडाचे जेवण वाढले. आज हे वाचताना किरकोळ वाटते. परंतु देवाचा मान मोडला की देव लेकरावर कोपतो, अशी त्या काळची पक्की समजूत होती. म्हणजे हा बाप आपल्या हट्टासाठी तान्ह्या मुलीचा जीव पणाला लावतो आहे, असेच पंगतीतल्या पुष्कळांना वाटले असणार. श्रद्धेची खरी कसोटी मला इथे दिसते. नंतरच्या प्रसिद्ध प्रसंगाइतकाच हा प्रसंग मोठा आहे.

तो प्रसिद्ध प्रसंग 1923 सालचा. 1905 मध्ये घर सोडून गेलेले बाबा तेव्हा कोकणात खारेपाटणला कीर्तन करीत होते. एकुलता उरलेला मुलगा गोविंदा कुत्रा चावून वारल्याची बातमी तिथे पोचली. कीर्तन थांबले नाही. जयंतीच्या भाषणांत ही गोष्ट हटकून येते आणि टाळ्या पडतात. मला त्या टाळ्या खटकतात. पोराच्या मरणावर टाळ्या कसल्या? अशाने आपण बाबांचा दगड करून टाकतो, आणि दगड म्हटले की त्याच्याकडून शिकायचे काही उरत नाही.

बाबा कीर्तनातून काय सांगत होते ते पाहा. लेकरू आजारी पडले तर देवापुढे बोकड कापू नका, त्याला दवाखान्यात न्या. सणावारासाठी कर्ज काढू नका. मुलांना शाळेत घाला. समोर बसलेल्यांतही मुले गमावलेले आईबाप असतच. देव लाच घेत नाही, हे इतरांच्या लेकरांबाबत खरे आणि स्वतःच्या लेकराबाबत खोटे, असे ते कसे म्हणतील? त्यांच्या श्रद्धेत आपल्या माणसासाठी वेगळा नियम नव्हता. एवढेच ते पाळत होते, आणि एवढेच पाळणे भयंकर अवघड आहे.

कोणी म्हणेल, मग देवावर हवाला ठेवून स्वस्थ बसायचे काय? मुळीच नाही. पाश्चरची लस 1885 सालीच निघाली होती. कसौलीला 1900 मध्ये आणि कुन्नूरला 1907 मध्ये संस्थाही उभ्या राहिल्या. पण वऱ्हाडातून त्या किती दूर! आज ती लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. तरीही कुत्रा चावला की आधी मांत्रिकाकडे धावणारे लोक आहेतच. लक्षणे एकदा दिसू लागली की या रोगातून माणूस सहसा वाचत नाही. तिथे नवसही चालत नाही आणि नुसता विश्वासही चालत नाही. श्रद्धेच्या नावाखाली औषध नाकारणाऱ्याने बाबांचे नाव घेऊ नये.

एक गोष्ट मात्र माझ्या मनातून जात नाही. बाबांनी ही वाट स्वतः निवडली होती. कुंताबाईंना कोणी विचारले होते? नवरा देशोधडीला, मुलगा मातीत. खारेपाटणच्या गर्दीला बाबांचा धीर दिसला. कुंताबाईंचा धीर कोणत्या गर्दीने पाहिला? आपल्या भाषणांत त्यांचे नाव क्वचितच येते. एकाच्या निष्ठेची किंमत दुसऱ्याने मोजायची, हे मला सरळ गिळता येत नाही. बाबांविषयीचा माझा आदर त्याने कमी होत नाही, पण तो आता पूर्वीसारखा निवांतही राहिलेला नाही.

पुढे बाबांनी ठिकठिकाणी धर्मशाळा बांधल्या. त्यांतली एक मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ, रोग्यांच्या नातेवाइकांसाठी. ज्यांचे माणूस आत खाटेवर आहे आणि ज्यांना त्या शहरात पथारी टाकायला जागा नाही, त्यांच्यासाठी. दादरलाही त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे. तिथे टाटा रुग्णालयात कर्करोगावर उपचार घेणारे रोगी आणि त्यांच्या घरची माणसे उतरतात. सकाळी ती माणसे फाइलीची पिशवी काखेत मारून रुग्णालयाकडे निघतात. त्यांतल्या कित्येकांनी वाटेत नवसही बोललेला असेल. धर्मशाळेत त्यांना तो कोणी विचारत नाही.