आधी कागद, मग गाडी

कर्जविभागात काम करताना ग्राहकाच्या स्वरावरून त्याच्या मनातले बरेच काही कळते. नव्या गाडीसाठी कर्ज मागणारा ग्राहक समोरची खुर्ची ओढून ऐसपैस बसतो, जुन्या गाडीसाठी आलेला मात्र आवाज खाली आणून म्हणतो, "साहेब, सेकंडहँडच घेतोय, बजेट तेवढंच आहे." दोन मुले, वयस्कर आईवडील आणि एक दुचाकी असलेल्या या गृहस्थाला संकोच का वाटावा, असा प्रश्न मला नेहमी पडतो. त्याची गरज खरी असते आणि वाणिज्य शाखेच्या दृष्टीने पाहिले तर त्याचा निर्णयही बहुधा शहाणपणाचा असतो.

गाडी ही दरवर्षी किंमत गमावणारी मालमत्ता आहे. विम्यासाठी गाडीचे मूल्य ठरवताना घसाऱ्याचे जे प्रमाण आपल्याकडे रूढ आहे, त्यात सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५ टक्के, दोन वर्षांपर्यंत २० टक्के, आणि पुढे दरवर्षी दहा दहा टक्क्यांनी वाढत पाचव्या वर्षाअखेर ५० टक्के घट धरली जाते. बाजारभाव याहून थोडा वेगळा असेल, पण दिशा हीच. म्हणजे पहिल्या पाच वर्षांतला मोठा घसारा पहिल्या मालकाने सोसलेला असतो आणि सुस्थितीतील गाडीचे बरेच आयुष्य मात्र शिल्लक असते. मर्यादित उत्पन्नाच्या कुटुंबाने याचा लाभ घेण्यात कमीपणा कसला?

तेव्हा जुनी गाडी घेणे हे कमीपणाचे नाही, हे माझे पहिले मत. दुसरे मत मात्र थोडे कडू आहे. आपण गाडी उलट्या क्रमाने पाहतो. आधी रंग, मग आसनांची आवरणे, मग एक फेरफटका, मग भावाची घासाघीस आणि अगदी शेवटी, पेढे आणायला सांगून झाल्यावर, कागदपत्रे. हे मी उपदेश म्हणून सांगत नाही. ही चूक मी स्वतः केली आहे.

२०१८ साली माझी नेमणूक इंदूरला होती. आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली होती, मुलगी लहान होती आणि पाऊस तोंडावर आला होता. ओळखीतून एक मध्यस्थ भेटला. २०१३ च्या अखेरीस घेतलेली एका सेवानिवृत्त गृहस्थांची पेट्रोलवरची छोटी गाडी त्याने दाखवली. गाडी खरोखरच चांगली होती. नोंदणी प्रमाणपत्रावर एका वित्तसंस्थेचा बोजा दिसत होता. मी विचारले, तेव्हा मध्यस्थ म्हणाला, "कर्ज तर फिटलेलंच आहे साहेब, एन.ओ.सी. आठ दिवसांत आणून देतो." ग्राहकाच्या अर्जावर एक सही कमी असली तर संपूर्ण प्रकरण परत पाठवणारा मी; पण त्या दिवशी पूर्ण रक्कम देऊन गाडी घरी आणली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आठ दिवसांचे दोन महिने झाले. शेवटी प्रमाणपत्रावरचा पत्ता शोधत मी मूळ मालकाकडे गेलो. जुन्या इंदुरातले मराठी कुटुंब होते. तिथे समजले ते असे : कर्जाचे शेवटचे सहा हप्ते राहिले होते. विक्रीच्या रकमेतून ते परस्पर भरण्याचे मध्यस्थाने कबूल केले होते, उरलेले पैसे काकांना दिले होते आणि वित्तसंस्थेत मात्र एक रुपयाही भरला नव्हता. थकबाकीची नोटीस काकांच्या टेबलावर पडली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "अहो, मी म्हातारा माणूस फसलो, ते एक असो. पण तुम्ही बँकेत असून असं कसं केलंत?" या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते.

मधल्या काळात एका संध्याकाळी आईला दवाखान्यातून आणताना एका स्कूटरला गाडीचा हलका धक्का लागला. कोणाला काही झाले नाही. स्कूटरस्वार चार शब्द बोलून निघून गेला. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. गाडी माझ्या ताब्यात, नोंदणी काकांच्या नावे, विमा काकांच्या नावे आणि बोजा वित्तसंस्थेचा. त्या माणसाचा पाय मोडला असता तर? त्याच वर्षी फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात स्पष्ट केले होते की, गाडी विकलेली असली तरी परिवहन कार्यालयाच्या नोंदीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याचीच. म्हणजे माझ्या घाईमुळे एका निवृत्त माणसाच्या आयुष्यभराच्या बचतीवर टांगती तलवार राहिली होती. शेवटी उरलेले हप्ते आणि दंड आम्ही दोघांनी निम्मे निम्मे भरले. सात महिन्यांनी, जानेवारी २०१९ मध्ये, गाडी माझ्या नावावर झाली. मध्यस्थाचा फोन त्यानंतर कधी लागला नाही.

म्हणून वाचकांना आग्रहाने सांगतो : आधी कागद, मग गाडी. विक्रेत्याकडून गाडीचा क्रमांक घ्यावा आणि केंद्र शासनाच्या परिवहन संकेतस्थळावर किंवा एम-परिवहन ॲपवर नोंदणीची तारीख, इंधन, विम्याची मुदत, बोजा आणि थकित चलने पाहून घ्यावीत. प्रमाणपत्रावरचा चॅसी क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावा. बोजा असल्यास कर्ज देणाऱ्या संस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र आणि फॉर्म ३५ हाती येईपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नये. कर्ज बाकी असेल तर तेवढ्या रकमेचा धनादेश थेट त्या संस्थेच्या नावे, कर्जखात्याचा क्रमांक लिहून द्यावा. मध्यस्थाच्या हाती नव्हे. हस्तांतरणाचे फॉर्म २९ आणि ३० दोघांनी समोरासमोर भरावेत. कोऱ्या फॉर्मवर सही देऊ नये आणि घेऊही नये. एकाच राज्यातील व्यवहार असेल तर विक्रेत्याने चौदा दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांनाही परिवहन खात्याचे प्राधिकारपत्र घ्यावे लागते. ते दाखवण्यास सांगताना संकोच करू नये.

विम्याबाबत एक गैरसमज सर्रास आढळतो. तृतीय पक्षासाठीचे विमासंरक्षण कायद्यानुसार गाडीबरोबर नव्या मालकाकडे जाते, हे खरे. परंतु आपल्या स्वतःच्या गाडीचे नुकसान भरून हवे असेल तर चौदा दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी आपल्या नावे करून घ्यावी लागते. दावा न केल्याबद्दलची सवलत, जी कमाल ५० टक्क्यांपर्यंत असते, ती गाडीची नसून मालकाची असते. ती जुन्या मालकाकडेच राहते. त्यामुळे त्याच्या विमाहप्त्यावरून आपल्या खर्चाचा अंदाज बांधू नये.

कागद स्वच्छ निघाले की मगच गाडीकडे वळावे. कोणती गाडी घ्यावी, असे विचारणाऱ्यांना माझा उलट प्रश्न असतो : महिन्याला किती किलोमीटर चालवणार? बाजारहाट, शाळा, दवाखाना आणि वर्षातून दोनदा गाव, एवढाच वापर असेल तर पेट्रोलची छोटी गाडी पुरते. डिझेलची बचत रोज लांबचा प्रवास करणाऱ्यालाच परवडते. सी.एन.जी. असेल तर त्याची नोंद प्रमाणपत्रावर आहे का आणि टाकीची दर तीन वर्षांनी होणारी चाचणी झाली आहे का, हे पाहावे. ज्या गाडीचे सुटे भाग तालुक्याच्या गावातही मिळतात आणि जी कोणत्याही फिटरच्या हातची आहे, तीच आपल्या दृष्टीने विश्वासार्ह. वॅगन आर, अल्टो, स्विफ्ट, सँट्रो, आय-टेन यांना जुन्या बाजारात मागणी राहिली ती याच कारणाने. उलट जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतातील विक्री थांबवली आणि फोर्डने २०२१ मध्ये येथील उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. त्यांच्या गाड्या बांधणीने चांगल्या असल्या आणि स्वस्तात मिळत असल्या, तरी आपल्या गावात सुटे भाग मिळतात का, याची खात्री केल्याशिवाय मोहात पडू नये.

आणखी एक निकष मी अलीकडे मुद्दाम सांगतो. जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली आणि २०२२ सुरू होईपर्यंत शेजारच्या आसनासाठीही. तेव्हा दोन गाड्यांत तीसचाळीस हजारांचाच फरक असेल आणि त्यातली एक या तारखांच्या अलीकडची असेल, तर तेवढे पैसे संगीतयंत्रणेवर खर्च न करता येथे करावेत.

प्रत्यक्ष तपासणी नेहमी दिवसा, शक्यतो सकाळी आणि इंजिन थंड असताना करावी. आपण पोहोचण्यापूर्वीच बॉनेट गरम असेल, तर इंजिन सुरू होताना काहीतरी अडचण असावी असे समजावे. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे, सतत येणारा पांढरा धूर म्हणजे बहुधा कूलंट आत शिरते आहे. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साका दिसला तर तेथूनच परतावे. किलोमीटरचा आकडा मागे फिरवता येतो, झिजलेले पॅडल आणि गुळगुळीत झालेले स्टिअरिंग मात्र खरे बोलतात. कंपनीच्या अधिकृत सेवाकेंद्रातील नोंदी मालकाकरवी मागवल्या तर तो आकडा पडताळता येतो. टायरवरचे चार अंक वाचायला शिकावे. २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. मुंबईचा जुलै २००५ चा, चेन्नईचा डिसेंबर २०१५ चा आणि केरळचा ऑगस्ट २०१८ चा पूर आठवून पाहा. पुरात बुडालेली गाडी धुऊनपुसून दूरच्या शहरात विकायला येऊ शकते. स्टेपनीखालचा गाळ, आसनांच्या पट्ट्यांवरचा गंज आणि कोंदट वास यांवरून ती ओळखता येते. एवढे करूनही शेवटचा शब्द आपल्या ओळखीच्या मेकॅनिकचा असावा. विक्रेत्याने सुचवलेल्या नव्हे. त्याला दिलेले हजारपाचशे वाया जात नाहीत.

आता पैशांचे. हाताशी चार लाख असतील तर चार लाखांची गाडी पाहू नये. सव्वातीन लाखांची पाहावी. उरलेले पाऊण लाख विमा, हस्तांतरण, टायर, बॅटरी, क्लच आणि पहिल्या मोठ्या सर्व्हिसिंगसाठी राखून ठेवावेत. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे कर्जाच्या मुदतीलाही लागू आहे. उदाहरणादाखल १२ टक्के व्याजाने अडीच लाखांचे कर्ज घेतले तर तीन वर्षांसाठी हप्ता सुमारे ८,३०४ रुपये आणि एकूण व्याज सुमारे ४९ हजार होते. पाच वर्षांसाठी हप्ता ५,५६१ रुपयांवर येतो, पण व्याज ८४ हजारांच्या घरात जाते. लहान हप्ता सुखद वाटतो. मात्र गाडी वयाने थकत असताना हप्ता आणि दुरुस्ती यांचा भार एकाच वेळी अंगावर येतो. आणखी एक गोष्ट : सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे जुन्या गाडीचा भाव ठरवताना त्याच प्रकारच्या नव्या गाडीची आजची किंमत विचारावी, विक्रेत्याने कधीकाळी मोजलेली नव्हे.

आपल्या बँकेचे मराठी ग्राहक आणि कर्मचारी देशभर विखुरलेले आहेत. त्यांच्यासाठी एक सूचना. दुसऱ्या राज्यातील गाडी स्वस्त दिसली, तरी मूळ परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र, नव्या राज्यातील पथकर आणि बारा महिन्यांनंतर करावी लागणारी फेरनोंदणी हा खर्च किमतीत मिळवून पाहावा. दिल्ली परिसरातील दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवरील निर्बंधांबाबत २०१४-१५ पासून आदेश झाले, त्यांच्या अंमलबजावणीत २०२५ मध्येही फेरफार झाले. तिकडची गाडी घेताना हे आधी तपासावे.

शेवटी दोन शब्द आपल्या सहकाऱ्यांसाठी. जुन्या गाडीच्या कर्जाचे प्रकरण लहान रकमेचे असते, म्हणून आपण ते घाईने निकालात काढतो. माझ्या मते दहा मिनिटे अधिक द्यावीत ती तेथेच. नवी गाडी घेणाऱ्याला कंपनीची हमी असते. जुनी घेणाऱ्याला फक्त त्याची सावधगिरी आणि आपला सल्ला.

माझी ती गाडी मी २०२३ मध्ये एका तरुण जोडप्याला विकली. आम्ही तिघेही आधी परिवहन कार्यालयात गेलो, फॉर्म दाखल केले, पावती घेतली आणि मग मी किल्ली त्यांच्या हाती ठेवली. "इतकी घाई कशाला, कागद नंतर केले असते," असे तो तरुण म्हणाला. मी त्याला इंदूरच्या काकांचा प्रश्न सांगितला. तो हसला, पण पावती त्याने नीट घडी करून खिशात ठेवली.