गुडघ्यांना कोण सांगणार?

मित्राच्या हॉलमध्ये उभी होते, पायाखाली साधी सतरंजी. हेडसेट चढवला, 'रिचीज प्लँक एक्स्पिरियन्स' सुरू झाला. लिफ्ट वर, आणखी वर... दार उघडलं तर समोर फक्त एक फळी आणि खाली अख्खं शहर! त्या फळीवरून चालायचं, बस्स. २०१६चा गेम, ग्राफिक्स काही फार भारी नाहीत. पण पाय? ढिम्म! खाली सतरंजी आहे हे डोक्याला पक्कं माहीत होतं, पण गुडघ्यांना कोण सांगणार?

मळमळ ही याचीच बहीण. उभ्या उभ्या बटण दाबून गेममध्ये चाललात की डोळे म्हणतात 'निघालो', आतला कान म्हणतो 'जागेवरच आहोत'. घाटातल्या एसटीत पेपर वाचताना होतं तेच, फक्त उलटं. म्हणून तर २०२०च्या 'हाफ-लाइफ: अ‍ॅलिक्स'मध्ये टुणकन 'टेलिपोर्ट' व्हायची सोय आहे. 'बीट सेबर'मध्ये आपण जागेवरच, ठोकळेच अंगावर येतात. गरगरणं कमी, घाम सॉलिड! नवख्यांनी तिथूनच सुरुवात करा.

मी फळीवर तीन पावलं गेले आणि मित्राचा दंड घट्ट पकडला. तो खो खो हसत होता. मग हेडसेट त्याला दिला. लिफ्टचं दार उघडलं मात्र, साहेब म्हणाले, "थांब हं, जरा पाणी पिऊन येतो."