समानार्थी कागद

वर्गात मी दरवर्षी एक गोष्ट छातीठोकपणे सांगतो : भाषेत समानार्थी शब्द असे नसतातच. पाणी, जल, नीर हे परीक्षेपुरते एक. तहान लागली म्हणून घरात कोणी ‘जरा नीर दे’ म्हणत नाही. मुले हसतात आणि वहीत उतरवून घेतात. पण हे सांगणे किती सोपे आणि सोसणे किती अवघड, ते यंदा मला नानांनी शिकविले.

नाना म्हणजे आमचे वडील. वय ब्याऐंशी, नोकरी हिशेबनिसाची, जीव मात्र छायाचित्रणात. न्हाणीघराच्या खिडकीला काळे कापड लावून ते रात्री फोटो छापीत, आणि सकाळी दात घासताना आम्हां भावंडांना हायपोचा वास येई. १९७९ साली त्यांनी काढलेला आईचा एक फोटो आमच्या बैठकीत आहे. मांडीवर सूप, नजर तांदळात. कागद आगफाचा ‘पोर्ट्रिगा रॅपिड’. कोणा मित्राने जर्मनीहून आणून दिलेला. त्यातला काळा रंग काजळाचा नव्हे, जुन्या शिसवी पाटाचा आहे.

आई जाऊन दोन वर्षे झाली. ताईला तसाच फोटो हवा होता. निगेटिव्ह शाबूत होती, पण कागदाचा डबा रिकामा! मी म्हटले, “नाना, संगणकावरून छापून आणतो की.” नाना म्हणाले, “रंग छापून आणशील रे. तो कागदातून वर यायला हवा.”

शोध सुरू केला आणि हाती मृतांची यादीच आली. पोर्ट्रिगा तर केव्हाच गेलेला. आगफाच्या छायाचित्रण व्यवसायाचे २००५ साली दिवाळे निघाले. त्याच वर्षी कोडॅकने कृष्णधवल कागद बंद केल्याचे जाहीर केले. हंगेरीतला फोर्टेचा कारखाना २००७ मध्ये मिटला. आपल्या उटकमंडचा ‘इंदू’देखील मावळला.

“पण त्या कागदात एवढे होते तरी काय?” मी विचारले. नाना खुलले. चांदीचा कण जितका बारीक, तितका रंग तपकिरीकडे झुकतो. क्लोराइड आणि ब्रोमाइड यांच्या मिश्रणाने तो बारीक राखता येतो. जुन्या कागदांत कॅडमियमही असे. ते विषारी, म्हणून वर्ज्य झाले. म्हणजे हुबेहूब तो कागद आता कोणी करणारच नाही, हे नाना जाणून होते.

एका माजी विद्यार्थ्याकरवी दोन कागद मागविले : इंग्लंडातल्या इलफर्डचा ‘वॉर्मटोन’ आणि चेक देशातल्या फोमाचा ‘फोमाटोन’. लाल दिव्याखाली नाना स्टुलावर बसले. हात माझे, हुकूम त्यांचे. पहिला फोटो निघताच मी “जमले!” म्हणून ओरडलो. “ओल्यात पाहू नकोस. वाळू दे.” सकाळी पाहतो तो सुपातले तांदूळ काळवंडलेले. दुसऱ्या रात्री डेव्हलपरमध्ये चिमूटभर पोटॅशियम ब्रोमाइड घातले आणि प्रकाश वाढवून दिला. तिसऱ्या रात्री प्रकाश किंचित आवरला. चौथ्या रात्री, फोमाच्या कागदावर, आई वर आली.

वाळल्यावर नानांनी दोन्ही फोटो खिडकीशी धरले. नव्यात तपकिरीबरोबर हिरवट झाक होती. मी गप्प राहिलो. नाना बराच वेळ पाहत होते. शेवटी म्हणाले, “जुन्यात ती दुपारी बसली आहे. ह्यात ऊन कलले आहे.” आणि फोटो उलटा करून मागे शिसपेन्सिलीने कागदाचे नाव, ब्रोमाइडचे प्रमाण आणि तारीख लिहिली, जुन्याच्या मागे लिहिली होती तशीच.

फोटो ताईकडे गेला. उरलेले कागद काळ्या पाकिटासकट नानांनी पोर्ट्रिगाच्या रिकाम्या डब्यात ठेवले. डब्यावर नवी चिठ्ठी लावू का, असे मी विचारले.

“कशाला?” नाना म्हणाले, “आपल्याला ठाऊक आहे ना, आत काय आहे ते.”

यंदा समानार्थी शब्दांचा तास मी जरा दबक्या आवाजात घेतला.