स्वामी कुवलयानंद : योग मोजून पाहणारा शिक्षक



21 जूनला राज्यभर योग दिन असतो आणि आपल्या विदर्भातल्या शाळा बहुतेक वर्षी त्यानंतर उघडतात. उन्हाळाच तसा असतो आपला. मग काय होतं हे आपल्याला माहीतच आहे. गावातली मिळतील तेवढी लेकरं गोळा करायची, सतरंजी टाकायची, ताडासनाचा फोटो काढायचा आणि ग्रुपवर टाकायचा. वर्षभराचा योग झाला! माझं स्पष्ट मत आहे की हा फोटो बंद झाला तरी योगाचं काहीच बिघडणार नाही.

असं का म्हणते, ते सांगायला एका शिक्षकाचंच उदाहरण घेते. स्वामी कुवलयानंद. मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म 30 ऑगस्ट 1883, गुजरातमधल्या डभोईचा. घरची गरिबी. तरी 1903 साली मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. बडोद्याला राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात व्यायामाचं शिक्षण घेतलं. पुढे खानदेशात अमळनेरला खानदेश एज्युकेशन सोसायटीत शिकवायला आले आणि 1921 साली तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. म्हणजे आधी वर्ग, फळा, विद्यार्थी, आणि मग आश्रम. 1919 साली नर्मदेकाठी मालसरला परमहंस माधवदासजी भेटले आणि त्यांच्याकडून योगाचं शिक्षण मिळालं.

आता खरी गोष्ट इथून सुरू होते. गुरूंनी शिकवलेलं त्यांनी मनापासून केलं, पण "गुरूंनी सांगितलं म्हणून" एवढ्यावर ते थांबले नाहीत. 1920 नंतर त्यांनी बडोद्याच्या दवाखान्यात काही विद्यार्थ्यांना नेलं आणि योगक्रिया करताना शरीरात काय होतं ते क्ष-किरण यंत्राने पाहिलं. शंभर वर्षांपूर्वी! नौली नावाची पोटाची क्रिया आहे. ती करताना आतड्यात पाणी आपोआप ओढलं जातं हे योगी लोकांना ठाऊक होतं. कुवलयानंदांनी दाब मोजायचं यंत्र लावलं आणि आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो हे दाखवलं. आपण पाचवी-सहावीच्या मुलांना पिचकारीचा दांडा मागे ओढून दाखवतो ना, पाणी आत का येतं म्हणून? तेच. त्या दाबाला त्यांनी गुरूंचं नाव दिलं, माधवदास व्हॅक्यूम. गुरूंबद्दलची श्रद्धा आणि हातातलं मोजमाप एकाच नावात बसलं, हे मला फार आवडतं.

1924 साली लोणावळ्याला त्यांनी कैवल्यधाम सुरू केलं आणि त्याच वर्षी 'योग मीमांसा' हे नियतकालिक. प्रयोग कसा केला, आकडे काय आले, हे त्यात छापून यायचं. 1927 साली गांधीजींनीही तब्येतीसाठी त्यांचा सल्ला घेतला होता. पुढे लोणावळ्यातच योगाचं महाविद्यालय निघालं. शाळेतल्या मुलांना सांघिक पद्धतीने, रांगेत उभं करून आदेशावर योग कसा शिकवावा याचा अभ्यासक्रमही त्यांनीच बसवला. आज आपण मैदानावर जे घेतो त्याची सुरुवात तिथली. 18 एप्रिल 1966 ला ते गेले.

आता आपल्याकडे वळते. आपण वर्गात सर्रास सांगतो, "प्राणायाम करा, भरपूर ऑक्सिजन मिळतो, मेंदू तल्लख होतो." कुवलयानंदांनी हे मोजून पाहिलं होतं. प्राणायामात साध्या श्वासापेक्षा जास्त ऑक्सिजन मिळतो ही समजूत चुकीची आहे, प्राणायामाचं महत्त्व दुसरीकडे, मज्जासंस्थेवरच्या परिणामात आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. ज्याने आयुष्य योगाला दिलं तो माणूस योगाची खोटी जाहिरात करत नव्हता. आणि आपण फलकावर लिहितो! स्मरणशक्ती वाढवून देतो म्हणणाऱ्या क्लासवाल्यांना पालक फी भरतात, तेव्हा निदान शाळेने तरी त्यांची भाषा बोलू नये.

दुसरं एक. आपला यवतमाळ जिल्हा कापसाचा आणि कर्जाचाही. कुणाच्या घरात काय घडून गेलंय हे पटावरच्या नावावरून कळत नाही. अशा लेकराला "डोळे मिट, ताण जाईल" म्हणणं मला पटत नाही. ध्यानाने कर्ज फिटत नाही, आणि त्याच्या बापाला भाव मिळाला नाही यात त्या पोराच्या मनाचा काही दोष नाही. ध्यान शिकवा, जरूर शिकवा. पण ते दुःखावरचं औषध म्हणून विकू नका. डोळे मिटल्यावर एखादं लेकरू रडायला लागलं तर त्याला बाजूला घ्या, तिथे ध्यान संपलं, तिथे शिक्षकाचं काम सुरू झालं. वेचणीच्या दिवसांत शवासनात निम्मा वर्ग झोपतो. झोपू द्या. पहाटेपासून उठलेली असतात ती.

आणि साधी गोष्ट, पोट. भरल्या पोटी आसनं करायची नसतात हे सगळ्यांना माहीत आहे, पण उपाशी लेकराकडून करवून घ्यायची नसतात हे कुणी बोलत नाही. सकाळच्या शाळेत योग घेण्याआधी "कोण काही खाऊन आलं नाही?" एवढं विचारा. हात वर होतात, मोजून बघा.

आनंददायी शनिवारमध्ये योग, श्वसन, ध्यान आहेच. मी माझ्या तिसरीच्या वर्गात एकच करते. एक मिनिट शांत बसायचं आणि आपले श्वास मोजायचे, वहीत तारीख टाकून आकडा लिहायचा. पळून आल्यावर किती, बसून किती. "मॅडम, डोये उघडू काय?" हा प्रश्न दर वेळी येतो, मी हो म्हणते. कुणाचे अठरा येतात, कुणाचे चोवीस, एकदा एकाचे चाळीस आले, तो हसत होता. मग मुलं आपसात भांडतात, माझे कमी का, तुझे जास्त का, आणि पुन्हा मोजतात. पालकहो, मुलाची ती वही घरी आली तर एकदा उघडून पाहा, आणि तुमचेही श्वास त्याच्याकडून मोजून घ्या.