विश्लेषण : ‘गेम पास’मुळे गेमची विक्री घटते का?

महिन्याची वर्गणी भरा आणि शेकडो गेम खेळा, अशी मायक्रोसॉफ्टची ‘एक्सबॉक्स गेम पास’ योजना २०१७ पासून सुरू आहे. २०१८ पासून कंपनीचे स्वतःचे नवे गेमही पहिल्याच दिवशी त्यात मिळू लागले. फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्गणीदार ३ कोटी ४० लाख झाल्याचे कंपनीने सांगितले.

मग विक्रीचे काय? ॲक्टिव्हिजनच्या खरेदीची छाननी करताना ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने २०२३ मध्ये जी कागदपत्रे प्रसिद्ध केली, त्यांत उत्तर आहे. तेही खुद्द मायक्रोसॉफ्टचे : गेम पासमध्ये आल्यानंतरच्या १२ महिन्यांत गेमची विक्री घटते. किती टक्क्यांनी, तो आकडा तेवढा झाकलेला!

छोट्या स्टुडिओला करारापोटी ठरलेली रक्कम मिळाली, तर गेम आपटला तरी पगार निघतात. अडचण वेगळीच आहे. विकलेली प्रत मोजता येते. पण वर्गणीदाराने नेमक्या कोणत्या गेमसाठी पैसे भरले, हे कसे ठरवणार? ‘हाय-फाय रश’चेच बघा. जानेवारी २०२३ मध्ये हा गेम पहिल्या दिवसापासून गेम पासवर आला, खेळणारे ३० लाखांवर गेले, समीक्षकही खूश. तरीही मे २०२४ मध्ये तो बनवणारा जपानचा ‘टँगो गेमवर्क्स’ स्टुडिओ बंद करण्याची घोषणा झाली. (नंतर ‘बीजीएमआय’वाल्या क्राफ्टनने हा स्टुडिओ तारला.)

ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेत ‘अल्टिमेट’ची वर्गणी २० वरून ३० डॉलर झाली. त्यातले गेम बनवणाऱ्यांपर्यंत किती पोहोचणार, हे प्रत्येकाच्या करारावर अवलंबून. आणि करार सहसा गोपनीयच असतात.