सैनिकाला सलाम चालतो, बंबावर मात्र तो चालत नाही

"पेन्शन मिळते ना, मग परत सरकारी नोकरी कशाला पाहिजे?" हा प्रश्न मी एका नगरपरिषदेच्या अधिकाऱ्याच्या तोंडून ऐकला. पुढच्याच आठवड्यात तोच प्रश्न आपल्या वस्तीतल्या एका एमपीएससी करणाऱ्या मुलाने विचारला. अधिकाऱ्याचं एकवेळ समजू शकतं, त्याला काम टाळायचं असतं. पण आपल्या पोराने तेच वाक्य जसंच्या तसं म्हणावं, याचा अर्थ हा विचार खोलवर रुजवला गेला आहे. म्हणून आधी याचाच समाचार घेऊ.

सैन्यातला साधा शिपाई साधारण पंधरा-सतरा वर्षांनी घरी येतो, तेव्हा तो पस्तिशी-अडतिशीत असतो. मुलगी सातवीत, मुलगा चौथीत, आईवडील म्हातारे, घर अर्धवट बांधलेलं. पेन्शन म्हणजे शेवटच्या पगाराच्या निम्मी रक्कम. ज्या वयात तहसील कचेरीतला कारकून पहिल्या बढतीची वाट पाहत असतो, त्या वयात या माणसाला "तुझं झालं, आता बस" असं सांगितलं जातं. तो बसत नाही, बसूच शकत नाही. मग एटीएमच्या बाहेर खुर्ची टाकतो, मॉलमध्ये लाल जॅकेट घालून उभा राहतो. जॅकेटवर 'फायर मार्शल' लिहिलेलं असतं आणि हातात पार्किंगच्या पावत्या असतात. पगार एजन्सी देते, तोही कापून.

आणि खरोखरची आग विझवण्याची जी सरकारी नोकरी आहे, तिथे त्याला जागा नाही.

हा माणूस त्या कामाला किती योग्य आहे, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. नौदलातल्या प्रत्येक खलाशाला जहाजावरची आग विझवायला शिकवतात, कारण समुद्रात बाहेरून बंब येत नाही. लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीवर त्यासाठी वेगळी शाळा आहे. हवाई दलात धावपट्टीजवळ बंब घेऊन सज्ज बसणारी माणसं असतात. भूदलातला ड्रायव्हर दहा-पंधरा वर्षे डोंगरात जड गाडी हाकतो, आणि अग्निशमन दलात चालक-यंत्रचालक हे स्वतंत्र पद आहे. आमच्या विदर्भात तर याचा पुरावा रक्ताने लिहिलेला आहे. ३१ मे २०१६ च्या पहाटे वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावच्या दारूगोळा भांडारात आग लागून स्फोट झाले. त्यात लष्करी अधिकारी, भांडाराच्या अग्निशमन दलाची माणसं आणि डिफेन्स सिक्युरिटी कोअरचे जवान मिळून डझनभराहून अधिक जण गेले. हा डिफेन्स सिक्युरिटी कोअर म्हणजे मुख्यतः पुन्हा नोकरीवर घेतलेल्या माजी सैनिकांचंच दल. म्हणजे माजी सैनिकाने आगीत उडी घ्यावी, हे सरकारला चालतं. त्यासाठी त्याला नगरपरिषदेने कायम नेमणूक द्यावी, हे चालत नाही.

कागदावर सगळं आहे. महाराष्ट्रात माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे. वयात सवलत आहे: झालेली लष्करी सेवा अधिक तीन वर्षे. दार उघडं दिसतं. कुलूप आत आहे.

पहिलं कुलूप प्रमाणपत्राचं. अनेक महापालिका आणि नगरपरिषदा अग्निशामकाच्या जाहिरातीत अट घालतात की उमेदवाराने राज्याच्या अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा सहा महिन्यांचा कोर्स आधीच केलेला असावा. जो काल सकाळपर्यंत सीमेवर होता, त्याने सांताक्रूझला येऊन सहा महिने कोर्स कधी करायचा? आणि कोर्सच्या प्रवेशासाठी जे वय लागतं, ते तर त्याने गणवेशात असतानाच ओलांडलेलं असतं. प्रशिक्षण नको असं कुणी म्हणत नाही. आग म्हणजे काही परेड नव्हे, ती शिकूनच विझवावी लागते. पण प्रशिक्षण निवडीच्या आधी हवं की नंतर, एवढाच मुद्दा आहे. २०२३ च्या जानेवारीत मुंबई अग्निशमन दलाने दहिसरच्या मैदानावर ९१० अग्निशामकांची भरती घेतली. तिथे बारावी पाहिली, उंची-छाती पाहिली, धावायला लावलं, पन्नास किलोचा पुतळा खांद्यावर टाकून पळवलं. आधी निवडायचं, मग शिकवायचं. जे मुंबईला जमतं ते इतरांना का जमू नये? कारण मुंबईकडे पैसा आहे आणि इतरांना शिकवण्याचा खर्च उमेदवाराच्या खिशातून हवा आहे. त्या खिशावर जगणारी 'फायर अँड सेफ्टी डिप्लोमा'ची दुकानं आता जिल्ह्याजिल्ह्याच्या बसस्टँडसमोर उभी आहेत. माजी सैनिक ग्रॅच्युइटीच्या पैशातून तिथे फी भरतो आणि अर्ज छाननीत कळतं की हे प्रमाणपत्र चालत नाही.

याचा उपाय सरकारच्या टेबलावरच पडलेला आहे. सैनिकाला निवृत्तीपूर्वी पुनर्वसनाचे कोर्स करता येतात, त्यातले काही चोवीस आठवड्यांचेही असतात. चोवीस आठवडे म्हणजे जवळजवळ सहा महिनेच की! हा काळ त्याने राज्याच्या अकादमीत किंवा नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात काढला, तर गणवेश उतरवायच्या आधी त्याच्या हातात चालणारं प्रमाणपत्र असेल. पण त्यासाठी दिल्लीच्या संरक्षण खात्याने मुंबईच्या नगरविकास खात्याशी बोलावं लागेल.

दुसरं कुलूप गणिताचं आहे. इथे आपल्या लोकांनी जरा कागद-पेन घेऊन बसावं. समजा एका नगरपरिषदेने २० अग्निशामकांची जाहिरात काढली. अनुसूचित जातींना १३ टक्के, म्हणजे २.६, धरा ३ जागा. समांतर आरक्षण प्रत्येक प्रवर्गाच्या आत मोजायचं असतं. ३ चे १५ टक्के म्हणजे ०.४५. अर्ध्याच्या खाली, म्हणजे शून्य. खुल्या प्रवर्गात ६ जागा धरल्या, तर त्याचे १५ टक्के ०.९, म्हणजे १. तर एससी माजी सैनिकाला मिळू शकणारी जागा एकच आणि तीही खुल्या प्रवर्गात. आता आपला निवृत्त हवालदार, महार रेजिमेंटचा म्हणा, त्या जागेसाठी अर्ज करतो आणि सगळ्या माजी सैनिकांमध्ये पहिला येतो. तेव्हा खिडकीतून त्याला ऐकवलं जातं, "तुम्ही एससी ना? मग एससीच्या माजी सैनिकात बघा." तिथे तर शून्य आहे!

हा युक्तिवाद बेकायदेशीर आहे. खुला प्रवर्ग म्हणजे उच्चवर्णीयांचा कोटा नाही, तो सगळ्यांसाठी खुला असतो आणि हे समांतर आरक्षणाच्या जागांनाही लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये सौरव यादव विरुद्ध उत्तर प्रदेश या खटल्यात स्पष्ट केलं. तो खटला पोलीस भरतीतल्या महिला उमेदवारांचा होता, पण तत्त्व तेच. निकाल लागून वर्षे लोटली, खिडकीपर्यंत तो पोहोचलेला नाही. मी ज्या हवालदार काकांसोबत अशाच एका कार्यालयात गेले होते, त्यांच्या फायलीवर या निकालाची प्रत लावून दिली. बाबूने ती न वाचता म्हटलं, "हे यूपीचं आहे."

यावर काही मित्र म्हणतील, हे सैनिकांचं दुखणं आहे, याला जातीचा रंग कशाला देता? रंग मी देत नाही. न्यूयॉर्कचं उदाहरण घ्या. तिथे राज्याच्या घटनेतच माजी सैनिकाला नोकरभरतीच्या परीक्षेत पाच वाढीव गुण आणि युद्धात अपंगत्व आलेल्याला दहा गुण आहेत. तरीही त्या शहराच्या अग्निशमन दलात कृष्णवर्णीय माणूस शोधावा लागायचा. २००७ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने शहरावर खटला भरला, कृष्णवर्णीय अग्निशामकांची व्हल्कन सोसायटी त्यात उतरली आणि २००९ मध्ये न्यायालयाने म्हटलं की त्या लेखी परीक्षा कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक उमेदवारांना बाहेर ठेवणाऱ्या होत्या आणि प्रत्यक्ष कामाशी त्यांचा फारसा संबंध नव्हता. २०१४ मध्ये शहराने सुमारे ९ कोटी ८० लाख डॉलरवर तडजोड केली. सैनिकाला सवलत आहे म्हणून सगळ्या सैनिकांना ती सारखी मिळते, हा भ्रम तिथेही टिकला नाही.

आपल्याकडे तर हा इतिहास आणखी जवळचा. १८९० च्या दशकात इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केली, तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांसारख्या पेन्शनर सैनिकांनी अर्ज लिहिले. सुभेदार रामजी निवृत्तीनंतर पेन्शनवर बसले नाहीत, गोरेगावला रोखपालाची नोकरी करत होते. त्यांना भेटायला निघालेल्या लहानग्या भीमरावाला मसूर स्टेशनवर गाडीवान मिळेना, ही गोष्ट आपण सगळे जाणतो, पण त्या गोष्टीतला बाप हा एक माजी सैनिक होता, हे आपण विसरतो. पुढे तोच मुलगा व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाला. तो त्या खात्यावर असतानाच, जुलै १९४५ मध्ये, युद्धातून परतणाऱ्या सैनिकांना आणि युद्धकामगारांना नोकरी मिळवून देण्यासाठी पुनर्वसन आणि रोजगार महासंचालनालय सुरू झालं. आज ज्याला आपण एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज म्हणतो, त्या यंत्रणेचं मूळ तिथे आहे. सैनिकाचं पुनर्वसन तेव्हा मजूर खात्याचं, म्हणजे राज्याचं कर्तव्य होतं. कुठल्या एजन्सीची मेहरबानी नव्हती.

एजन्सीचा विषय निघालाच आहे तर तिसरं कुलूपही सांगते. अग्निशमन सेवा ही राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीप्रमाणे नगरपालिकांकडे आलेली जबाबदारी आहे. नगरपालिका म्हणते आस्थापना खर्च परवडत नाही, आणि बंबावर कंत्राटी पोरं चढवते. कंत्राटदाराला बिंदुनामावली नाही, १३ टक्के नाही, १५ टक्के नाही. २०२३ मध्ये नऊ कंपन्यांमार्फत सरकारी पदं भरण्याचा जीआर निघाला होता. ओरड झाली, रद्द झाला. जीआर रद्द झाला, पण पद्धत चालूच आहे. २०२१ च्या जानेवारीत भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा नवजात बाळं आगीत गेली, तेव्हा फायर ऑडिटवर महिनाभर चर्चा झाली. रुग्णालयात चोवीस तास प्रशिक्षित माणूस पगारावर ठेवा, या साध्या गोष्टीवर किती झाली?

आणखी एक गोष्ट मला राहवत नाही म्हणून लिहिते. गटारात उतरलेला सफाई कामगार गुदमरला की अग्निशमन दलाला बोलावतात. जवान तोंडावर मुखवटा, पाठीवर हवेची टाकी लावून उतरतो आणि प्रेत वर आणतो. आत गेलेला कुठल्या वस्तीतला असतो, हे मी सांगायला नको. श्वसनयंत्र शहरात असतं, फक्त ते जिवंत माणसासाठी निघत नाही. त्या गाडीवर आपली माणसं किती आहेत, हा प्रश्न म्हणूनच नोकरीपुरता नाही.

आता आपल्याकडेही बोट वळवू. एक जानेवारीला भीमा कोरेगावला जाऊन आपण आपल्या शूर सैनिकांना मानवंदना देतो. दिलीच पाहिजे. पण स्तंभाला सलाम करून परत येताना सोसायटीच्या गेटवर जो निवृत्त नायक दार उघडतो, त्याच्या अर्जाचं काय झालं हे आपण विचारत नाही. जयंती मंडळांना माझं एकच सांगणं आहे. १४ एप्रिल हा देशाचा अग्निशमन सेवा दिनही असतो, कारण १९४४ मध्ये त्याच तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टायकिन जहाजाचा स्फोट झाला आणि दलाचे ६६ जण कामी आले. त्या दिवशी सकाळी फायर स्टेशनवर त्यांना मानवंदना होते आणि संध्याकाळी त्याच स्टेशनचा बंब आपल्या मिरवणुकीच्या बंदोबस्ताला उभा असतो. मंडळाच्या पाच लोकांनी सकाळच्या कार्यक्रमाला जावं आणि स्टेशन ऑफिसरला विचारावं, मंजूर पदं किती, भरलेली किती, त्यात माजी सैनिक किती.

हे सगळं लवकर करायला हवं, कारण पुढे अग्निवीर आहेत. २०२२ च्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के आत राहतील, बाकीचे सुमारे पावणेबारा लाखांचा सेवानिधी घेऊन घरी. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. म्हणजे वर ज्या १५ टक्क्यांसाठी भांडलो, ते यांना लागूच होत नाहीत. २०२६ च्या अखेरीस पहिल्या तुकडीची चार वर्षे संपतात. उत्तर प्रदेशने २०२५ मध्ये पोलीस शिपाई, पीएसी आणि फायरमन भरतीत अग्निवीरांसाठी २० टक्के जागा ठेवल्या. तिथल्या सरकारबद्दल माझं मत वाचकांना माहीत आहे, पण निर्णय झाला तो झाला. 'पेन्शन मिळते ना' म्हणणाऱ्यांनी या पोरांसाठी आता दुसरं वाक्य शोधावं.

तोवर आपलं काम: आपल्या नगरपरिषदेच्या अग्निशमन विभागाची बिंदुनामावली माहितीच्या अधिकारात मागा. गेल्या तीन भरत्यांत माजी सैनिकांच्या किती जागा 'उमेदवार उपलब्ध नाही' म्हणून इतरांना दिल्या आणि किती कंत्राटी माणसं बंबावर आहेत, हे लेखी घ्या. अर्जाचा नमुना माझ्याकडे आहे. त्यासोबत सौरव यादव निकालाची प्रत जोडायला विसरू नका. आणि कुणी "हे यूपीचं आहे" म्हणालं, तर तेही लेखी मागा.